धावपट्टीखालचे पाणी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत, चेन्नई येथे दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि तंजावरचे मराठे असे रसाळ विषय होऊन गेल्यावर माझ्यासारख्याने विमानतळाच्या गटारांविषयी बोलावे, हा काहींना रसभंग वाटेल. त्यात मी बी. ए. झालेला मनुष्य, रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेबरोबरच संपला. परंतु केंद्र सरकारच्या नोकरीत तीस वर्षे अधिनियम, अधिसूचना आणि परिपत्रके वाचण्यात गेली, आणि त्या वाचनात एका कायद्यातील एका शब्दाने माझे लक्ष वेधून घेतले. तो शब्द आपणांस सांगावा, एवढ्याचसाठी आज उभा आहे. मते माझी स्वतःची आहेत, माझ्या खात्याची नव्हेत, हेही नियमाप्रमाणे सांगून ठेवतो.

विमानतळाशी आपला ऋणानुबंध आहे. मद्रासहून (हे नाव अजून जिभेवरून जात नाही) मुंबईला पोहोचायला एके काळी दिवस आणि रात्र लागे. आता दोन तास पुरतात. आजारी आईच्या उशाशी वेळेवर पोहोचता आले ते या धावपट्टीमुळे, असे सांगणारे या सभागृहात अनेक असतील. तेव्हा मी विमानतळाविरुद्ध बोलायला आलेलो नाही.

प्रथम थोडे गणित. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होते. म्हणजे एक हेक्टर फरसबंदीवर १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर दहा लाख लिटर. विमानतळावर अशी काँक्रीटची आणि डांबराची जमीन शेकडो हेक्टर असते. ती पाणी पीत नाही. ते कोठेतरी जावेच लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा विमानतळाच्या आवारातून वळणे घेत जाणाऱ्या मिठी नदीची दशा आपण वर्तमानपत्रांत वाचली. डिसेंबर २०१५ मध्ये आपल्या येथे अड्यार नदी, जिच्यावरून दुसरी धावपट्टी पुलावरून जाते, विमानतळात शिरली आणि कित्येक दिवस विमाने उडाली नाहीत. पूर डोळ्यांना दिसतो, त्यावर समित्या नेमल्या जातात. मुंबईत माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली अशी समिती नेमली गेली, आणि ते योग्यच झाले. मला बोलायचे आहे ते न दिसणाऱ्या पाण्याविषयी.

पाऊस फरसबंदी धुऊन नेतो, तेव्हा इंधनाचे थेंब, यंत्रांतील तेल, विमान धुण्याचे साबण, चाकांचे झिजलेले रबर हे सारे त्याच्याबरोबर जाते. तेल पाण्यावर तरंगते म्हणून हौदात अडवून काढून घेता येते. जे पाण्यात विरघळते ते मात्र या हौदातून सुखेनैव पुढे जाते.

नॉर्वेची राजधानी ऑस्लो. तिचा गार्डरमोएन येथील नवा विमानतळ ऑक्टोबर १९९८ मध्ये सुरू झाला. तो ज्या वाळू-रेतीच्या पठारावर बांधला, त्याच्या पोटात त्या देशातील एक फार मोठा भूजलसाठा आहे. हिवाळ्यात विमानाच्या पंखांवरील बर्फ काढण्यासाठी ग्लायकोल फवारावे लागते, धावपट्टीवर फॉर्मेटसारखे क्षार टाकावे लागतात. ग्लायकोल फारसे विषारी नसते. जमिनीतील जिवाणू ते खाऊन टाकतात. पण खाताना त्यांना प्राणवायू लागतो. तो संपला, की मातीतील लोह आणि मँगनीज विरघळून भूजलात उतरू लागतात. म्हणजे टाकले एक आणि विहिरीत आले दुसरेच! म्हणून तेथील परवान्याचा रोख प्रथमपासूनच भूजल बिघडू न देण्यावर राहिला. फवारणी ठराविक चौथऱ्यांवर करायची, द्रव गोळा करायचा, आणि जे उडून धावपट्टीच्या कडेला पडेल त्याचा हिशेब ठिकठिकाणी खणलेल्या निरीक्षण-विहिरींतून ठेवायचा. अडचणी तेथेही आल्या. परंतु त्या आल्या हे कळले, कारण मोजणारे कोणीतरी होते.

शेजारच्या स्वीडनमध्ये नेमके उलट घडले, आणि तेही बर्फामुळे नव्हे, आगीमुळे. इंधनाची आग पाण्याने विझत नाही. पेटते इंधन पाण्यावर तरंगते. म्हणून १९६० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत एक फेस तयार झाला, जो इंधनावर पातळ पडद्यासारखा पसरून हवा तोडतो. या फेसाने माणसे वाचवली आहेत, हे विसरून चालणार नाही. पण त्यातील फ्लोरिनयुक्त रसायने, ज्यांना एकत्रितपणे पीफास म्हणतात, निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत. आणि अपघात क्वचित होतो. सराव मात्र वारंवार होतो. त्याच मैदानावर, वर्षानुवर्षे. त्यामुळे जमिनीत उतरलेला फेस बव्हंशी खऱ्या आगीचा नसून सरावाचा असतो.

रोनेबी नगरपालिकेतील कालिंगे येथे वायुदलाचा तळ आहे. तीच धावपट्टी नागरी विमानेही वापरतात. डिसेंबर २०१३ मध्ये तेथील नळाच्या पाण्यात ही रसायने प्रचंड प्रमाणात आढळली आणि तळाजवळचे जलकेंद्र तत्काळ बंद केले गेले. पाण्याला रंग नव्हता, वास नव्हता, चव बदललेली नव्हती. लोक ते कित्येक वर्षे पीत होते. बाळांचे दूधही त्यातच तयार होत होते. पुढे त्यांच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या. यांपैकी पीएफओएस नावाच्या रसायनाचे रक्तातील प्रमाण नुसते निम्मे व्हायला साडेतीन वर्षांच्या आसपास काळ लागतो, असे या रहिवाशांच्याच अभ्यासातून दिसले. दीडशेहून अधिक रहिवासी न्यायालयात गेले. वाद असा, की माणूस आजारी पडलेला नसेल तर नुकसान कसले? ५ डिसेंबर २०२३ रोजी स्वीडनच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की रक्तात या रसायनाचे प्रमाण वाढणे हीच शारीरिक इजा होय. माझ्या मते पाण्याच्या कायद्यात गेल्या काही वर्षांत इतका दूरगामी निकाल दुसरा नाही.

आता तो शब्द. आपला जलप्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम १९७४ चा. त्याच्या व्याख्यांमध्ये ‘प्रवाह’ या शब्दात नदी, ओढा, समुद्र यांच्या पंक्तीला भूमिगत पाणीही बसविले आहे. कलम २४ नुसार जाणूनबुजून प्रवाहात वा विहिरीत विषारी पदार्थ जाऊ देण्यास मनाई आहे. म्हणजे धावपट्टीखालचे न दिसणारे पाणी हे आपल्या कायद्याच्या दृष्टीने पन्नासहून अधिक वर्षे प्रवाहच आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात हे इतके सरळ नाही. जमिनीतून झिरपून गेलेले सांडपाणी त्या कायद्याच्या कक्षेत कधी येते, याचा खल तेथील सर्वोच्च न्यायालयाला २०२० मध्ये करावा लागला. उलट पावसाच्या पाण्याबाबत तो देश आपल्या पुढे आहे. १९८७ ची दुरुस्ती आणि १९९० चे नियम यांनी औद्योगिक आवारातून वाहणाऱ्या पावसालाही परवाना लावला, आणि त्यात विमानतळ आले. २०१२ मध्ये तर बर्फ काढण्याच्या पाण्यासाठी स्वतंत्र मर्यादा ठरल्या.

आपल्याकडे शब्द आहे. त्याच्यामागे मोजमाप नाही. नियंत्रण मंडळाचा निरीक्षक नमुना घेतो तो नळाच्या तोंडाशी, कारण संमतिपत्रात नळाचे तोंड लिहिलेले असते. पावसाला नळ नसतो. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्रीय भूजल प्राधिकरण आले खरे, पण त्याचा मुख्य व्याप उपसा किती याचा. फेसातील रसायनांविषयी तर सारे सामसूम. पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या भारतीय मानकात त्यांना मर्यादाच नाही. अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये यांतील दोन प्रमुख रसायनांना एक लाख कोटी भागांत चार भाग अशी मर्यादा घातली. स्टॉकहोम करारात पीएफओएस २००९ मध्येच समाविष्ट झाले. आपल्या मंत्रिमंडळाने २०२० मध्ये ज्या सात रसायनांना संमती दिली त्यांत ते नव्हते.

आपल्या मीनंबाक्कमचे भूजल दूषित आहे, असे मी म्हणत नाही. तपासल्यावाचून तसे म्हणता येत नाही, आणि ते शुद्ध आहे असेही म्हणता येत नाही. पण आडात असेल तेच पोहऱ्यात येणार, आणि या शहरात पोहरा म्हणजे टँकर. उत्तर चेन्नईतील तोंडियारपेट येथे २०१३ मध्ये जमिनीखालच्या नळातून गळालेले इंधन लोकांच्या बोअरमध्ये आले, तेव्हा निदान वासाने तरी ते ओळखू आले. फेसाला ती सोयही नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या अभिमानाची आहे म्हणून जपून बोलतो. तमिळनाडूने २००३ मध्ये घरोघरी पाऊस जमिनीत मुरविणे सक्तीचे केले, ते उत्तमच केले. परंतु छपरावरचे पाणी वेगळे आणि विमाने उभी राहतात त्या आवाराचे पाणी वेगळे. छपराचे मुरवावे, आवाराचे आधी तपासावे, शुद्ध करावे. दोन्ही एकाच खड्ड्यात सोडणे म्हणजे पुण्याच्या नावाखाली भलतेच पदरात घेणे होय.

आता परंदूरविषयी. चेन्नईचा दुसरा विमानतळ कांचीपुरमजवळ परंदूर येथे व्हावयाचा आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये जागा जाहीर झाली, एप्रिल २०२५ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली. नियोजित जागा पाच हजार एकरांहून मोठी असून तिच्यात शेते आहेत आणि तमिळ लोक ज्यांना एरी म्हणतात ते तलाव आहेत. एकनापुरमच्या गावकऱ्यांनी आपला विरोध केव्हाच नोंदविला आहे. विमानतळ व्हावा की नाही, यावर शासकीय सेवकाने या व्यासपीठावरून बोलणे उचित नाही. मात्र तो होणार असेल, तर पहिले काँक्रीट पडण्यापूर्वी तेथील विहिरींचे पाणी फेसातील रसायनांसह तपासून तो कागद गावच्या दप्तरी ठेवावा. वीस वर्षांनी एखाद्या विहिरीत काही सापडले, तर ते आधीचे की नंतरचे, हा वाद त्याच एका कागदाने मिटेल. सराव फ्लोरिनविरहित फेसाने करावा. असे फेस आता उपलब्ध आहेत, आणि अमेरिकी सैन्याने जानेवारी २०२३ मध्ये त्यांचे मानकही ठरविले. हद्दीवर निरीक्षण-विहिरी असाव्यात आणि त्यांचे आकडे फलकावर लागावेत.

या तीन मागण्यांचे एक पानी निवेदन मी तयार केले आहे. तमिळ भाषांतर मंडळाच्या एका सुनेने करून दिले, ती याच जिल्ह्यातील आहे. माझी सही त्यावर राहणार नाही, सेवानियमांचा तो प्रश्न आहे. कार्यवाहांकडे ते ठेवले आहे. मीनंबाक्कम, पल्लावरम भागात ज्यांच्या घरी बोअरचे पाणी आहे अशा सभासदांनी चहाच्या वेळी मला अवश्य भेटावे. बोअर किती फूट खोल आहे आणि केव्हा खणली, एवढे मात्र आठवून या.