ॲव्हनकाठचे स्ट्रॅटफर्ड
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



इंग्लंडातील ॲव्हन नदीकाठचे स्ट्रॅटफर्ड हे लहानसे गाव पाहण्याचा योग मला आला. शेक्सपियरचे जन्मघर १८४७ साली लिलावात निघाले, तेव्हा वर्गणी जमवून ते ३,००० पौंडांस घेतले गेले. राजाने नव्हे, लोकांनी! आगरकरांनी ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ साली मराठीत आणलेले हॅम्लेट मी पूर्वी वाचले होते. त्या उंबरठ्याशी मला भरून आले. कवीचे थडगे नदीकाठच्याच चर्चमध्ये आहे.

तेथे उभा असता आपली पाताळगंगा आठवली. खोपोलीस नाना फडणविसांनी बांधविलेले तळे आणि महादेवाचे मंदिर आहे. कुंभिवलीच्या किती मुलांस ते नानांचे म्हणून ठाऊक आहे? यंदा मंडळाने मुलांची सहल तेथे न्यावी, अशी माझी सूचना आहे. त्यासाठी माझे १०१ रुपये चिटणिसांच्या स्वाधीन करतो.