पिकअपच्या हौद्यात क्रेन बसवताना



मी बेंगळुरूला पीण्यात मोटार आणि गिअरबॉक्स दुरुस्तीचं एक छोटं वर्कशॉप चालवतो. मूळचा निपाणीचा. आज ज्या विषयावर बोलणार आहे तो ऐकायला किरकोळ वाटेल: पिकअप गाडीच्या हौद्यात वजन उचलणारी छोटी क्रेन कशी बसवायची. पण या एका प्रश्नासाठी मला इचलकरंजीहून, हुबळीहून, सांगलीहून फोन येतात. म्हटलं, एकदाच सगळं नीट सांगून टाकावं.

आधी हे लागतं कशाला ते बघू. बेंगळुरू म्हटलं की लोकांना संगणक आठवतो. पण हे शहर त्याच्या आधीपासून यंत्रांचं आहे. किर्लोस्करांनी १९४१ साली हरिहरला लेथ बनवायला सुरुवात केली आणि १९४६ साली बेंगळुरूत विजेच्या मोटारींचा कारखाना काढला. १९५३ साली एचएमटी इथेच उभी राहिली. या मोठ्या कारखान्यांच्या आधाराने हजारो लहान युनिट्स वाढली. त्यांतल्या प्रत्येकात मोटार आहे, आणि मोटार म्हटली की ती कधी ना कधी जळणार. जळाली की ती उचलून रिवाइंडिंगला न्यायची आणि परत आणून बसवायची.

आता वजनं बघा. २० हॉर्सपॉवरची बिडाची मोटार साधारण सव्वाशे ते दीडशे किलो भरते. ४० हॉर्सपॉवरची अडीचशेच्या आसपास जाते. मोठ्या कारखान्यात फोर्कलिफ्ट असते. लहान युनिटमध्ये चार माणसं, दोन फळ्या आणि एक दोर असतो. फळी हौद्याला लावायची, दोघांनी वरून ओढायचं, दोघांनी खालून ढकलायचं. आमच्या शेजारच्या गल्लीतल्या एका वर्कशॉपमधल्या पोराची दोन बोटं अशीच फळी आणि मोटारीच्या पायाच्या मध्ये सापडली. पोरगा वाइंडर होता. वाइंडरचं सगळं पोट बोटांवर असतं. तो आता वॉचमनची नोकरी करतो. आपण आज जे बोलतोय ते या बोटांसाठी बोलतोय.

मग क्रेन बसवूया, एवढं ठरलं. पण क्रेन म्हणजे किती मोठी? इथे बरेच लोक सुरुवातीलाच घसरतात. बोअरवेलवाला मला विचारतो, 'पंप ओढायला चालेल का?' चला, हिशेब करू. इकडे हजार फूट बोअर ही नवलाची गोष्ट नाही. हजार फूट म्हणजे ३०५ मीटर. दीड इंची जीआय पाइप मीटरला साधारण साडेतीन किलो भरतो. म्हणजे नुसता पाइप हजार किलोच्या पुढे गेला. आत पाणी अडकलेलं असेल तर त्याचे चारशे किलो आणखी. वर मोटार, पंप, केबल. दीड टनाचं काम झालं हे. त्यासाठी बोअरच्या बरोबर डोक्यावर उभी राहणारी वेगळी गाडी असते, वजन सरळ खाली येतं. आपली क्रेन हात बाजूला पसरून उचलते. तिच्याकडून दोनशे-अडीचशे किलोंची अपेक्षा ठेवा, तीही जवळच्या अंतरावर.

हे 'जवळच्या अंतरावर' म्हणजे काय, ते नीट समजून घ्या, कारण सगळी गोम तिथेच आहे. शाळेत आपण तरफ शिकलो: भार आणि अंतर यांचा गुणाकार. दोनशे किलोची मोटार खांबापासून सव्वा मीटरवर, हिशेबाला सोपं म्हणून १.२ मीटर धरू, लटकवली तर गुणाकार येतो २४०. हा २४० खांबाला मुळासकट उपटायला बघत असतो. क्रेन विकणारा सांगतो, 'पाचशे किलोची आहे.' त्याला विचारायचं, 'किती अंतरावर?' बहुतेक वेळा पाचशे किलो हे हात पूर्ण आत घेतल्यावरचे असतात. हात बाहेर काढला की तीच क्रेन दोनशेवर येते, कधी त्याहूनही खाली. प्रत्येक अंतराचं वजन लिहिलेला तक्ता ज्याच्याकडे नाही त्याच्याकडून क्रेन घेऊ नका.

आता हा २४० कुठे जातो ते बघू. समजा क्रेनच्या पायाची प्लेट आहे आणि बोल्टच्या दोन ओळींमध्ये वीस सेंटिमीटर अंतर आहे. २४० ला ०.२ ने भागा. बाराशे किलो. म्हणजे उचललेत दोनशे, पण मागच्या दोन बोल्टवर मिळून बाराशे किलोंची ओढ आली. आणि हे बोल्ट कशात आहेत? हौद्याच्या पत्र्यात. तो पत्रा माल ठेवायला केलेला असतो. वरून दाब सोसेल, पण वर ओढणं त्याच्या नशिबी लिहिलेलं नाही. आधी पत्रा फुगतो, मग वॉशरभोवती चीर पडते आणि एक दिवस प्लेटसकट क्रेन आडवी होते. जाड वॉशर टाकून हे काम पुढे ढकलता येतं, टाळता येत नाही.

उपाय म्हणजे पाया रुंद करायचा आणि भार चॅसीपर्यंत न्यायचा. पिकअपला खाली शिडीसारखी चॅसी असते, दोन लांब बीम आणि मधे आडव्या पट्ट्या. या दोन्ही बीमवर आडवं बसेल असं सी-चॅनेलचं एक चौकट तयार करा आणि क्रेनचा खांब त्या चौकटीवर उभा करा. पकड वीस सेंटिमीटरऐवजी ऐंशी सेंटिमीटरवर गेली, की तेच २४० भागिले ०.८, म्हणजे तीनशे किलो. बाराशेचे तीनशे झाले, आणि खर्च झाला तो चार चॅनेलचा. ही चौकट हौद्याच्या वर ठेवून खालून यू-बोल्टने किंवा प्लेटने चॅसीला बांधतात. खांब कोपऱ्यात उभा करायचा असेल तर तो चौकटीच्या बाहेर लोंबकळत नाही ना, हे आधी बघा.

चॅसीबद्दल दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. तिच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला भोक पाडायचं नाही, आणि तिला वेल्डिंग करायचं नाही. गाडी बनवणारे बॉडी बिल्डरसाठी जी पुस्तिका काढतात तिच्यात कुठे बांधायचं, कुठे नाही हे दिलेलं असतं. ती मागून घ्या. भोक पडलं की पोलादाचा तेवढा भाग कमजोर होतो, आणि तडा तिथूनच सुरू होतो. तडा क्रेन वापरताना दिसत नाही. तो दिसतो तुमकूर रोडवर, गाडी भरलेली असताना.

पुढचा प्रश्न सगळे विचारतात: गाडी उलटेल का? बोलेरोसारखी पिकअप रिकामी सतराशे किलोंच्या आसपास धरा. मध्यापासून चाकाचं अंतर सत्तर सेंटिमीटर. गुणाकार अकराशे नव्वद. समोर आपले २४०. म्हणजे उलटत नाही. टाटा एससारखी लहान गाडी साडेआठशे किलोंची. तिचा आकडा साडेपाचशेच्या आसपास येतो. तीही जागेवर उलटणार नाही, पण हाताशी राखीव बळ निम्म्याहून कमी राहिलं.

तरी खरा त्रास उलटण्याचा नाही, कलण्याचा आहे. गाडी स्प्रिंगवर उभी आहे. वजन एका बाजूला आलं की त्या बाजूचा पाटा दबतो, टायर दबतो, खांब तिरका होतो. खांब तिरका झाला की क्रेनचा हात आपोआप उताराकडे फिरायला बघतो. पाच अंशांचा कल आणि दोनशे किलो वजन असेल तर टोकाला सतरा किलोंचा ढकल येतो. सतरा किलो एक माणूस सहज धरतो. पण त्याला माहीत असेल तर. माहीत नसताना झुललेली मोटार गाडीच्या फळक्यावर किंवा कुणाच्या तरी मांडीवर जाऊन बसते.

म्हणून ज्या बाजूला उचलायचं त्या बाजूला खाली टेकू हवा. स्क्रूवर खाली येणारा पाय क्रेनच्याच चौकटीला जोडून घ्या. त्याखाली जाड लाकडी फळी ठेवा. आणि बेंगळुरूकरांनो, पाय कुठे टेकवता ते बघा. आपल्याकडे गटारावर दगडी फरशा टाकून त्यालाच फुटपाथ म्हणतात. वरून भक्कम दिसते, खाली पोकळी. क्रेनचा पाय त्या फरशीवर कधीही नको. गाडी दोन फूट अलीकडे घ्या.

आता उचलायला काय लावायचं? प्रत्येकाला विजेवरचं विंच हवं असतं. थोडा हिशेब करू. दोनशे किलो वजन १.२ मीटर उचलायला साधारण तेवीसशे पन्नास ज्यूल ऊर्जा लागते. माणूस हाताने फिरवत राहिला तर आरामात सत्तर-पंचाहत्तर वॅट देतो. घर्षणात अर्धी वाया गेली असं धरलं तरी मिनिटभराचं काम. दिवसाला चार मोटारी उचलणाऱ्याला हाताचं विंच किंवा चेन कप्पी पुरते. बॅटरी उतरत नाही, वायर जळत नाही. दिवसाला तीस वेळा उचलायचं असेल तर विजेचं घ्या, पण जाड केबल घ्या आणि फ्यूज बॅटरीच्या जवळ बसवा. एक किलोवॅटचं विंच बारा व्होल्टवर ऐंशी अँपिअरच्या वर ओढतं. फ्यूजशिवाय ती वायर म्हणजे शेगडी.

आणि चिखलात अडकलेली गाडी ओढायचं विंच वजन उचलायला लावू नका. त्याचा ब्रेक लटकतं वजन धरायला केलेला नसतो. उचलायच्या विंचला हँडल सोडलं तरी वजन जिथल्या तिथे थांबवणारा ब्रेक असतो. दुकानात उभे राहून हे करून बघा.

दोराचं थोडक्यात. तारेचा दोर वजनाच्या किमान पाचपट ताकदीचा हवा. दोनशे किलोला हजार किलो. सहा मिलिमीटरचा चांगला दोर त्याच्या पुढे असतो. ड्रमवर निदान तीन वेढे कायम शिल्लक राहिले पाहिजेत. टोकाला क्लॅम्प लावताना यू-बोल्ट दोराच्या मोकळ्या टोकाकडे आणि खोबणीचा भाग ओढ येणाऱ्या बाजूकडे. उलटे लावले तर यू-बोल्ट ओढ घेणाऱ्या तारांनाच चावतो. मोटारीच्या डोक्यावरचा आय-बोल्ट सरळ वर उचलण्यासाठी आहे. त्याला तिरकं ओढू नका, आणि तो तळापर्यंत आवळला आहे का ते आधी बघा.

आता कायदा. मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम ५२ सांगतं, की नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाहून वेगळा होईल अशी गाडी बदलायची नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हे कलम कडकपणे लावलं. त्यामुळे क्रेन बसवण्याआधी आरटीओत अर्ज करा, चौकटीचं ड्रॉइंग जोडा, परवानगी मिळाली की नोंदणी पुस्तकात बदल लिहून घ्या आणि विमा कंपनीला कळवा. विमावाले अपघातानंतर पहिल्यांदा हाच कागद मागतात. आणखी एक हिशेब विसरू नका. क्रेन आणि चौकट मिळून सव्वाशे किलो झाली, तर तेवढा माल कमी न्यायचा. गाडीचं एकूण मंजूर वजन वाढत नाही.

कारखान्यांसाठी १९४८ च्या अधिनियमातल्या कलम २९ ने घालून दिलेली एक चांगली सवय आपणही उचलावी: वजन उचलणाऱ्या प्रत्येक साधनाची वर्षातून एकदा तरी जाणकाराकडून तपासणी, आणि किती उचलायचं ते त्याच्यावर ठळक लिहिलेलं. मी माझ्या क्रेनच्या हातावर तीन ठिकाणी तीन आकडे रंगवलेत. आकडे कन्नड, मराठी आणि इंग्रजी, तिन्हींत. ज्याला जे वाचता येतं ते वाचावं.

भाषेवरून आठवलं. माझ्याकडे एक पोरगा रायचूरचा, एक ओडिशाचा, एक बिहारचा. वजन हवेत असताना चौघं चार भाषांत ओरडले तर काय होईल विचार करा. म्हणून आमच्याकडे बोलणारा एकच, आणि शब्द दोनच. 'निधान' म्हणजे कन्नडमध्ये हळू. 'निल्सु' म्हणजे थांबव. 'निल्सु' मात्र कुणीही म्हणू शकतो, कालच कामाला लागलेला पोरगासुद्धा, आणि ते ऐकलं की विंचवरच्या माणसाने का म्हणून विचारायचं नाही. आधी थांबायचं.

उरलेले नियम तुम्हाला ठाऊक आहेत, तरी म्हणतो. उचलण्याआधी वर बघा, विजेच्या तारा असतील तर जागा बदला. लटकत्या वजनाखाली हात नाही, पाय नाही. वजन लटकवून गाडी एक फूटही हलवायची नाही. निघताना क्रेनचा हात आत घेऊन पिनेने अडकवा, आणि पिन साखळीने बांधून ठेवा, नाहीतर ती पहिल्याच आठवड्यात हरवते. नव्या क्रेनवर पहिल्याच दिवशी मोटार लटकवू नका. वजन केलेल्या लोखंडाने आधी थोडं, मग पूर्ण, जमिनीपासून चार बोटांवर धरून दहा मिनिटं ठेवा. मग खाली वाकून प्रत्येक बोल्ट, प्रत्येक वेल्ड बघा. पन्नास किलोमीटर गाडी चालवून पुन्हा बोल्ट आवळा. नव्या चौकटीचे बोल्ट बसतातच.

तुमच्या गावातल्या फॅब्रिकेटरला हे सगळं करता येतं. त्याला फक्त ड्रॉइंग द्या, आणि 'पत्र्यावर चार बोल्ट मारून देतो, काही होत नाही' असं तो म्हणाला तर दुसरा फॅब्रिकेटर शोधा.

प्रश्न असतील तर व्हिडिओखाली विचारा. गाडीचं मॉडेल, उचलायचं वजन आणि अंतर, हे तीन आकडे लिहा. त्याशिवाय मला उत्तर देता येणार नाही.