खिरापत ओळखा पाहू!

(श्रावणातल्या महिला मेळाव्यात आमच्या महिला विभागातर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर. मापं आणि कृती बऱ्याच जणींनी पुन्हा विचारल्या, म्हणून तो स्मरणिकेत देत आहोत.)

बोलणार एकच आहे, पण जे बोलायचं ते आम्ही चौघींनी बसून ठरवलं आहे. तेव्हा आवडलं तर चौघींना सांगा, नाही आवडलं तरी चौघींनाच सांगा.

आता गणपतीची तयारी सुरू होईल. मग दहा दिवस कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि विसर्जन झालं की घर एकदम ओकंबोकं वाटतं. आम्हाला बोलायचंय ते त्या दुसऱ्या दिवसापासून पुढच्या दिवसांबद्दल. अनंत चतुर्दशीनंतर भाद्रपदी पौर्णिमा, मग पितृपक्ष, नवरात्र, दसरा, कोजागिरी आणि दिवाळी. पाऊस ओसरलेला, ऊन कडक, अंथरुणं वाळवायची, डबे घासून ठेवायचे. शरदातले हे दिवस म्हणजे हातांचे दिवस. पूर्वी या दिवसांत घरात सतत काहीतरी चाललेलं असायचं. कुणी कामट्या तासतंय, कुणी गोधडीला दोरा घालतंय, स्वयंपाकघरातून गुळाचा वास येतोय.

सुरतेत हे टिकवणं तसं कठीणच. 'सुरतनुं जमण ने काशीनुं मरण' असं म्हणणारं हे गाव. कोपऱ्यावर खमण, समोर लोचो, पलीकडे नानखटाई. दसऱ्याला फाफडा-जलेबीच्या रांगेत आपणही उभे असतोच, आणि त्यात काही गैर आहे असं आम्ही मुळीच म्हणत नाही. ज्या गावात राहायचं, त्या गावाचं खावंच. पण एक गोष्ट अशी आहे की ती विकत आणली की संपते. ती म्हणजे भुलाबाईची खिरापत.

आपल्यातले निम्म्याहून जास्त खानदेशातले. भुसावळला जी तापी तीच इथे, आणि तिच्याच बाजूने आलेल्या रेल्वेने आपले वाडवडील मिलमध्ये नाहीतर लूमवर आले. त्यांना भुलाबाई सांगायला नको. काही घरांत तिला गुलाबाई म्हणतात. भाद्रपदी पौर्णिमेला मातीचे भुलोजी आणि भुलाबाई मांडायचे, कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी मुलींनी टिपऱ्या घेऊन घरोघर जायचं, गाणी म्हणायची आणि शेवटी खाऊ ओळखायचा. पुण्या-नाशकाकडच्या घरांत हाच खेळ भोंडला किंवा हादगा म्हणून असतो. सप्टेंबरच्या शेवटी सूर्य हस्त नक्षत्रात जातो, म्हणून पाटावर हत्ती काढायचा आणि त्याच्याभोवती फेर धरायचा. गाणी थोडी वेगळी, पण शेवट दोन्हींकडे सारखाच. झाकलेला डबा पुढे येतो, आई तो कानाशी खुळखुळवून दाखवते आणि मुली ओरडायला लागतात.

'गोड की तिखट?' 'गोड.' 'कुरकुरीत का?' 'नाही.' 'मऊ?' 'मऊ पण नाही.' 'मग खुसखुशीत?' 'जवळ आलात!' 'गुळाचं की साखरेचं?' 'तळलेलं की भाजलेलं?' 'खमंग आहे का?'

आता हाच डबा दुकानातून आला असं समजा. खोक्यावर नाव छापलेलं. मुलींना ते पायऱ्या चढतानाच दिसलं. ओळखायचं काय राहिलं? आणि मुली एका दमात जे सात-आठ शब्द बोलल्या असत्या, ते बोलल्याच नाहीत.

आमच्या जिवाला लागलेली गोष्ट हीच आहे. आपली मुलं बाहेर गुजराती बोलतात, शाळेत इंग्रजी किंवा हिंदी, आणि तिन्ही चांगल्या बोलतात, त्याचा आनंदच आहे. लिंबायत-उधन्याकडे महापालिकेच्या मराठी प्राथमिक शाळा आहेत, पण आपल्यापैकी किती जणांची नातवंडं तिथे जातात ते आपल्याला ठाऊक आहे. घरात मराठी उरली आहे ती बहुतेक हुकमापुरती. ऊठ, आंघोळ कर, जेव, अभ्यास कर, झोप. एवढ्यावर मूल मराठी समजतं, पण बोलत नाही. खुसखुशीत, चिवट, तुरट, आंबूस, गुळचट, लुसलुशीत हे शब्द पाठ करून येत नाहीत. जिभेवर पदार्थ असताना कुणीतरी ते उच्चारावे लागतात. आणि अहिराणी घरांत तर आजीबरोबर आणखी एक अख्खा शब्दसाठा चालला आहे. म्हणून यंदा आमची विनंती अशी की खिरापत घरची हवी. कितीही साधी चालेल.

आम्ही सुचवतो तो पदार्थ म्हणजे घारगे, म्हणजेच तांबड्या भोपळ्याच्या घाऱ्या. सुरतेत 'घारी' म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती मैद्याच्या पारीतली, मावा-पिस्त्याची, तुपात तळून वरून पुन्हा तुपाने माखलेली घारी. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी चंदनी पडव्याला अख्खं शहर ती भुसूबरोबर रस्त्याकडेला बसून खातं. नाव जवळपास एकच, पण आपली घारी गरीब घरची. एकदा दोन्ही समोर ठेवून मुलांना फरक सांगायला लावा. अर्धा तास सहज जातो.

कृती सोपी आहे. भाजीवाल्याकडे लाल कोळुं मागायचं. त्याचा कीस दोन वाट्या, चिरलेला गूळ एक वाटी. दोन्ही एकत्र शिजवायचं, पाणी अजिबात घालायचं नाही, कारण भोपळा आणि गूळ दोघेही पाणी सोडतात. मिश्रण जरा आळलं की उतरवायचं, चिमूटभर मीठ, वेलची किंवा जायफळ, दोन चमचे गरम तेलाचं मोहन, दोन चमचे तांदळाची पिठी, आणि मग मावेल तेवढी कणीक. नव्या मुली विचारतात, मावेल तेवढी म्हणजे किती? साधारण अडीच वाट्या धरा, पण भोपळा किती ओला निघतो त्यावर आहे, शेवटचं हातालाच कळतं. पीठ घट्टच हवं. अर्धा तास झाकून ठेवा, त्याहून जास्त नको, गुळामुळे ते सैल पडत जातं. मग प्लास्टिकच्या कागदाला तेलाचा हात लावून पुरीपेक्षा जाड थापायच्या, वर खसखस दाबायची. कोरडं पीठ लावून लाटू नका, ते तेलात जळतं. आंच मध्यम ठेवा. गूळ आहे, मोठ्या आंचेवर बाहेरून काळ्या आणि आतून कच्च्या राहतात. थापायचं काम मुलांना द्या. वेडीवाकडी झाली तर झाली. तीन-चार दिवस घाऱ्या छान राहतात.

घाऱ्यांचा आणखी एक गुण म्हणजे त्या डब्यात वाजत नाहीत. खिरापत करताना चवीइतकाच कानाचा विचार करावा लागतो. पंचखाद्य खुळखुळतं, खारीक-खोबरं-खडीसाखर लगेच ओळखू येते. वाटली डाळ मुकी, पण वास येतो. सांजोऱ्या फसव्या, त्या करंजी की पुरी यावर वाद होतात. आमच्यातली एक जण तर डब्यात खिरापतीबरोबर दोन सुपाऱ्या टाकते, आवाजाने फसवायला. ही लबाडी नियमात बसते की नाही यावर आमचं एकमत झालेलं नाही.

गरब्याची अडचण काही जणींनी काढली. मुली नऊ रात्री गरब्याला जाणार, भुलाबाईला कधी बसणार? गरबा रात्री रंगतो. भुलाबाई दिवेलागणीला, तासाभरात आटपते. टिपऱ्याही त्याच, दांडिया म्हणून वापरतात त्या. मुलींना निवड करायला लावूच नका, दोन्ही करू द्या.

आता कंदील. गणपतीच्या मखराला कामट्या वापरणार असाल तर विसर्जनानंतर टाकू नका. नसतील तर डबगरवाडात पतंगवाल्यांकडे कामट्या आणि पतंगाचा कागद दोन्ही मिळतं. उत्तरायणाला पतंग उडवणाऱ्या गावात कंदिलाचं सामान शोधावं लागत नाही, हा सुरतेचा आपल्यावर उपकारच. आपला जुना कंदील अवघड दिसतो, पण आहे फक्त सहा चौकोन. नऊ इंची चोवीस कामट्या घ्या आणि चार-चार बांधून सहा चौकोन करा. चार चौकोन पतंगासारखे टोकावर उभे करून कोपऱ्याला कोपरा असे गोल बांधा. त्यांची चार टोकं वर येतील, त्यांना पाचव्या चौकोनाचे चार कोपरे बांधा. खालच्या टोकांना सहावा. मध्ये आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. मुलांना आधी मोजायला सांगा, मग कागद कापायला. वरचा आणि खालचा चौकोन मोकळा ठेवायचा, वरून दिवा सोडायला आणि हवा जायला. खळ मैद्याची करा. पूर्वी कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालत, पण तो विषारी असतो. मुलं हात घालणार असतील तर तो नको. खळ रोजच्या रोज ताजी करा. दिवा एलईडीच लावा, जुना पिवळा बल्ब कागद करपवतो.

आतून उजळणारी वस्तू करायची हौस सगळ्यांनाच असते. गुजरातेत छिद्रांच्या मातीच्या घटात दिवा ठेवतात, तोच गरबो. अमेरिकेतल्या आपल्या लेकी-सुना ऑक्टोबरात कोरलेल्या भोपळ्यात दिवा लावून फोटो पाठवतात. त्यांना एकदा विचारा, आतला गर काढून त्याचं काय केलंस? घारगे तिथेही होतात.

दिवाळीचा किल्ला हा सुरतेत जरा नाजूक विषय, हे आपण सगळे जाणतो. महाराज इथे 1664 च्या जानेवारीत आले, पुन्हा 1670 च्या ऑक्टोबरात, म्हणजे ऐन याच दिवसांत. सोसायटीत आपल्या मुलांनी किल्ला केला की शेजारचा मुलगा हमखास विचारतो, 'हे तेच ना, सुरत लुटणारे?' आपली मुलं गप्प बसतात किंवा भांडतात. आमची सूचना अशी की यंदा एक किल्ला सुरतेचाच करा. चौक बाजारात तापीकाठी तो उभा आहे. गुजरातच्या सुलतानाने सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या हल्ल्यांना तोंड द्यायला तो बांधून घेतला. महापालिकेने दुरुस्ती करून तो पाहण्यासाठी खुला केला आहे. कोपऱ्यांना गोल बुरूज, भोवती खंदक, एका बाजूला नदी. रायगडापेक्षा करायला सोपा. आणि 1664 मध्ये शहर लुटलं गेलं तरी हा किल्ला पडला नव्हता, हे शेजारच्या मुलाला आपल्या मुलाने सांगितलं तर पुढचं काम दोघं मिळून करतील. शेजारीच राजगड करा, कोण नको म्हणतंय. माती नसेल तर जुन्या फळीवर विटा, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, आणि वर अळीव पेरा. चार-पाच दिवसांत हिरवळ येते, म्हणून वसुबारसेच्या दोन-तीन दिवस आधी पेरायचे.

गोधडीबद्दल थोडंच. आपल्या घरात साड्यांना तोटा नाही, गावच साड्यांचं आहे. पण सुरती सिंथेटिक साडीची गोधडी घसरते आणि घाम शोषत नाही. म्हणून वरचा आणि खालचा पदर जुन्या सुती साडीचा, सिंथेटिक आत भरायचं. कडेपासून सुरुवात करून धावदोऱ्याने आत आत यायचं. उन्हात दोन दिवस चांगल्या तापवलेल्या कपड्यांचीच शिवा. एकटीने शिवायला घेतली तर ती कपाटात पडून राहते. चौघी बसल्या तर आठ-दहा दुपारी पुरतात, आणि त्या दुपारी जे बोलणं होतं ते वेगळंच. आपल्या मंडळात ज्यांची मुलं परगावी आहेत अशा सहा-सात आजी आहेत. त्यांच्या घरी ही बैठक ठेवली तर त्यांना कुठे जावं लागणार नाही. डोळ्यांनी सुई ओवता येत नसली तरी टाका कुठे चुकला ते त्यांच्या बोटांना कळतं.

कोजागिरीचं आटीव दूध सगळ्यांना येतं, ते सांगत बसत नाही. फक्त त्या रात्री घरातल्या थोरल्या मुलाला किंवा मुलीला ओवाळायची पद्धत बऱ्याच घरांतून गेली आहे. ती दोन मिनिटांत होते.

आता कामाचं. कोजागिरीच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता मंडळाच्या सभागृहात भुलाबाई आणि भोंडला एकत्रच होईल, साडेसातला सगळे मोकळे. प्रत्येक घराने एक डबा आणायचा, स्टीलचा, झाकण घट्ट, बाहेर नाव नको. आत जे असेल ते घरी केलेलं, आणि करताना घरातल्या लहान मुलाचा हात लागलेला. मुलगे आले तरी चालतील, मागच्या वर्षी दारात घुटमळत होते. गाणी ज्यांना पूर्ण येतात त्यांनी आमच्याकडे नावं द्या, अहिराणीतली येत असतील तर आधी द्या. गोधडीची पहिली बैठक पितृपक्षातल्या पहिल्या बुधवारी दुपारी तीनला, सुया आम्ही आणू, जुन्या सुती साड्या तुम्ही आणा. आणि सुपाऱ्यांचं काय करायचं ते त्या रविवारी हात वर करून ठरवू.