जुन्या पेठेची साक्ष



बीड शहराच्या जुन्या भागाचा विषय निघाला की वयस्क माणसांच्या बोलण्यात एक ओलावा येतो. कोतवाली वेस, राजुरी वेस, बशीरगंज, धोंडीपुरा, बिंदुसरेच्या पलीकडचे पेठ बीड ही नावे घेतली जातात आणि त्यांच्यामागून दुकाने येतात: कासाराचे, अत्तरवाल्याचे, पिंजाऱ्याचे, किराण्याचे. निजामी राजवटीत या पेठेत दोन नाणी चालत. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, हा हिशेब निरक्षर शेतकरीही बोटांवर करीत असे. धान्य पायलीने मोजले जाई, तेल शेराने. कचेरीची भाषा उर्दू होती, पण बाजाराची भाषा कोणत्याही फर्मानाने ठरली नव्हती. मराठी आणि दखनी यांच्या देवघेवीतून ती आपोआप घडली होती. हिंदू गिऱ्हाईक आणि मुसलमान कारागीर यांना एकमेकांची गरज होती, आणि त्या गरजेतून आलेला शेजार व्यासपीठावरील ऐक्याच्या भाषणांपेक्षा टिकाऊ ठरला.

हे सारे खरे आहे. पण ते अर्धे सत्य आहे. बीडची छागल एके काळी प्रसिद्ध होती. दुष्काळी मुलखात प्रवासाला निघणारा माणूस पाण्याची ही चामडी पिशवी सोबत घेई. ती ज्या हातांनी शिवली, त्या हातांना गावाच्या पाणवठ्यावर मात्र अधिकार नव्हता. शहराजवळची खजाना बावडी 1582 च्या सुमाराची, अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळातली. भूमिगत कालव्यांतून पाणी आणणारी आणि ते बलगुजारच्या शेतांपर्यंत पोचवणारी तिची रचना आजही पाहणाऱ्याला थक्क करते. पण पाणी आणण्याची विद्या असणे वेगळे आणि ते सर्वांना देण्याची बुद्धी असणे वेगळे. जुन्या पेठेत वाण्याची आपुलकी होती, तशीच त्याची वहीही होती. सुगीला मोंढ्यात आलेल्या शेतकऱ्याच्या हाती किती उरेल, हे भाव फुटण्यापूर्वीच त्या वहीत ठरलेले असे. म्हणून जुने ते सारे सोने मानणारी स्मरणयात्रा समाजवादी विचाराला मान्य होण्यासारखी नाही.

मग या आठवणींचे करायचे काय? त्यांना हळवेपणा म्हणून बाजूला सारणे ही दुसरी चूक ठरेल. कारण आज या आठवणींना कायद्यात किंमत आली आहे.

17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. त्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी, 17 सप्टेंबर 2025 रोजी, बीडहून अहिल्यानगरकडे रेल्वे सुरू झाली. तिचे स्वागतच केले पाहिजे. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो ऊसतोड मजूर घराला कुलूप लावून बाहेर पडतात, त्या जिल्ह्याला दळणवळण हवे आणि उद्योगही हवेत. परंतु रेल्वेपाठोपाठ जमिनीचे भाव येतात, भावांपाठोपाठ रस्तारुंदीचे आराखडे येतात, आणि त्या आराखड्यांत पहिली रेघ ओढली जाते ती रस्त्याच्या कडेला पाटी घेऊन बसलेल्या बाईवरून. पक्क्या दुकानदाराजवळ खरेदीखत असते, भाडेपावती असते. तिच्याजवळ काय असते? तिच्या सासूने जिथे भाजी विकली तिथे ती विकते, एवढाच तिचा दस्तऐवज. जुलै 1989 मध्ये बिंदुसरेला महापूर आला आणि नदीकाठच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. अशा पुरात भांडीकुंडी जातात, तसे असलेनसलेले कागदही जातात.

संसदेने 2014 मध्ये पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा कायदा केला. सर्वेक्षण पुरे होऊन विक्रेत्यांना प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणालाही उठवता येत नाही, असे तो सांगतो. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, अशी त्यात तरतूद आहे. आणि त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत फार महत्त्वाचे एक तत्त्व आहे: ज्या नैसर्गिक बाजारात विक्रेते पन्नास वर्षांहून अधिक काळ व्यवसाय करीत आले आहेत, तो वारसा बाजार म्हणून घोषित करावा आणि तेथील विक्रेत्यांना हलवू नये.

पन्नास वर्षे! नगरपालिकेच्या दप्तरात फुटपाथवरच्या टोपलीची पन्नास वर्षांची नोंद क्वचितच सापडायची. ती नोंद माणसांच्या स्मरणात आहे. 1972 च्या दुष्काळात कोण कुठे बसत होते, आठवडी बाजार कुठून कुठवर भरत होता, कोणत्या वेशीजवळ बांगडीवाल्या रांगेने बसत, हे सांगणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्या गप्पांत ज्याला आपण करमणूक समजतो, तोच पुरावा आहे. आणि तो वर्षागणिक स्मशानात आणि कब्रस्तानात जात आहे.

म्हणून कार्यकर्त्यांपुढचे काम स्पष्ट आहे. प्रत्येक वेशीजवळ, प्रत्येक गल्लीत वृद्धांची कथने लिहून घ्यावीत, वर्षे आणि जागा विचारून घ्याव्यात, त्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्यावेत, जुनी छायाचित्रे आणि बाजारकराच्या पावत्या जमवाव्यात. ज्यांना या बाजारात कधी पाय ठेवू दिला नव्हता, त्यांचीही कथने त्याच वहीत यावीत. नाहीतर ती वही पुन्हा सावकाराचीच होईल. एवढी सामग्री हाती आली की समितीत आणि, वेळ पडली तर, न्यायालयात बोलता येईल.

जुनी पेठ परत यावी, अशी मागणी कोणी करू नये. तिच्यातला वरचा-खालचा भेद जावा आणि तिच्यातली कष्टकऱ्यांची जागा राहावी, एवढेच मागायचे आहे. ती जागा राहील की नाही, हे आराखडा मंजूर होण्याआधी किती घरांची दारे ठोठावली गेली यावर अवलंबून आहे.