पंचनाम्यात नसलेला रकाना



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या बाईंनी आम्हांला नागरिकशास्त्र शिकविले. लग्न ठरले म्हणून एखादी मुलगी शाळेतून काढून नेली, तरी बाई वर्षअखेरपर्यंत हजेरीत तिचे नाव पुकारीत असत. आम्हांला त्याचे हसू येई. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, तो अशाच नावांचा आहे. घरातील छळामुळे झालेल्या मृत्यूंची शासनाने चौकशी करावी, ती केवळ गुन्हेगार शोधण्यासाठी नव्हे तर ती स्त्री कोणकोणत्या दारांतून परत फिरली हे जाणण्यासाठी करावी, एवढेच मला सांगावयाचे आहे.

माझी नोकरी महसूल खात्यात गेली. १९८३ मध्ये फौजदारी कायद्यांत दुरुस्ती होऊन विवाहितेच्या छळासाठी कलम ४९८-अ आले. त्याच वेळी लग्नापासून सात वर्षांच्या आत स्त्रीने आत्महत्या केली वा तिचा संशयास्पद मृत्यू झाला, तर शवविच्छेदन व्हावे, असेही ठरले. १९८६ मध्ये हुंडाबळीचे कलम ३०४-ब आले. अशा मृत्यूंचे पंचनामे करण्याचे काम कार्यकारी दंडाधिकारी म्हणून माझ्याकडे येई.

याच पट्ट्यातील एका तहसिलीत (नाव घेत नाही) भाजून गेलेल्या एका सुनेचा पंचनामा मी केला. प्रेताची अवस्था, अंगावरची वस्त्रे, जखमा, पंचांचे मत, सारे लिहून झाले. सह्या होत असताना ओट्यावर बसलेली शेजारची म्हातारी आपण होऊन म्हणाली, "सायेब, पोरगी चार खेपा आली होती माह्याकडं. चारही खेपा म्याच समजावून धाडली." या वाक्यासाठी माझ्या कागदात रकाना नव्हता. समासात लिहिता आले असते. मी लिहिले नाही. तीच मुलगी पूर्वी एकदा हात भाजून दवाखान्यात गेली होती आणि एकदा चौकीच्या पायरीपर्यंत जाऊन आली होती, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

माझा दोष झाकण्यासाठी नव्हे, पण कायद्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. पंचनाम्याचा हेतू मृत्यूचे वरकरणी दिसणारे कारण नोंदविणे एवढाच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच स्पष्ट केले आहे. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि जुने कलम १७४ आता १९४ झाले. पंचनाम्याचे स्वरूप मात्र तेच आहे.

आणि न्यायालय? पुण्याचे मंजुश्री सारडा प्रकरण आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. जून १९८२ मध्ये, लग्नानंतर अवघ्या चार महिन्यांत, विषाने तिचा मृत्यू झाला. खालच्या न्यायालयाने पतीला फाशी सुनावली, उच्च न्यायालयानेही त्याला खुनाचा दोषी धरले. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही म्हणून, त्याची निर्दोष मुक्तता केली. परिस्थितिजन्य पुराव्याची पाच तत्त्वे या निकालाने घालून दिली. वकिलीचा प्रत्येक विद्यार्थी ती आजही पाठ करतो. त्या निकालाशी माझे भांडण नाही. संशयाचा फायदा द्यावयाचा नसेल तर न्यायालये हवीतच कशाला? पण तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली दुःखाची पत्रे त्या खटल्यात होती. पुरावा म्हणून ती वाचली, तोलली गेली. खटला संपल्यावर ती पुन्हा वाचून, एका शिकलेल्या मुलीला पत्र लिहिण्यापलीकडे दुसरी वाट का दिसली नाही, हे विचारण्याचे काम आपल्या देशात कोणत्याही कचेरीचे नव्हते. आजही नाही.

हे काम अन्यत्र सुरू झाले आहे. जानेवारी १९९० मध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात वीणा चरण या स्त्रीला तिच्या नवऱ्याने मुलाच्या शाळेबाहेर गोळ्या घालून मारले आणि स्वतःचाही अंत केला. आरोपीच उरला नाही. आपल्याकडे फाईल तेथेच बंद झाली असती. परंतु ती बाई त्यापूर्वी पोलिसांकडे गेली होती, न्यायालयाकडून मनाईहुकूम घेऊन आली होती. मग एवढे करूनही ती वाचली का नाही, याचा तपास त्या शहराच्या महिला आयोगाने केला. तेथून ही पद्धत पसरली. ब्रिटनने २००४ च्या कायद्यात तिची तरतूद केली आणि एप्रिल २०११ पासून ती अंमलात आणली. स्वतंत्र अध्यक्ष, पोलीस, डॉक्टर, समाजसेवक आणि नातेवाईक मिळून कालक्रम लावतात. अहवालात खरी नावे नसतात. खटला आपल्या वाटेने वेगळा चालतो. पुढे आत्महत्याही त्या कक्षेत आल्या. त्याच त्या शिफारशी वर्षानुवर्षे पुन्हा लिहाव्या लागतात, अशी टीका तेथे होते. ती मी लपवीत नाही. पण शिफारस पुन्हा लिहावी लागते हे कळावयासही आधी ती कोठेतरी लिहिलेली असावी लागते.

ही रीत आपणांस परकी आहे असे कोणी म्हणू नये. बाळंतपणात स्त्री दगावली तर काय घडले, केव्हा निघाले, गाडी का मिळाली नाही, हे घरी जाऊन विचारण्याची पद्धत केंद्र शासनाने २०१० पासून घालून दिली आहे. तेथेही कोणाला शिक्षा करणे हा हेतू नाही. २०२२ या एका वर्षात देशात सुमारे साडेसहा हजार हुंडाबळींची नोंद झाली. बाळंतपणात मेलेल्या सुनेविषयी शासन जे विचारते, ते स्वयंपाकघरात जळालेल्या सुनेविषयी का विचारू नये?

आता आपल्या पांढुर्णा-सौसरकडे येतो. आपल्या सोयरिकी वरूड, काटोल, नरखेड, सावनेरपर्यंत. १९५६ मध्ये राज्ये वेगळी झाली, लग्ने काही वेगळी झाली नाहीत. वरूडच्या मुलीने माहेरी येऊन दिलेली तक्रार वरूडच्या ठाण्यात राहते. २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयामुळे माहेरी तक्रार देता येते, हे चांगलेच आहे. तिच्या उपचाराचा कागद पांढुर्ण्यात असतो. फार भाजली तर तिला नागपूरच्या मेडिकलला नेतात आणि मृत्यूची नोंद तेथे होते. तिकडचे पोलीस 'अकस्मात मृत्यू' लिहितात, इकडचे 'मर्ग' म्हणतात. हे तीन कागद कधी एका टेबलावर येत नाहीत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार होते. दोन गावांच्या प्रेमी युगुलाचा त्या पात्रात अंत झाला, अशी तिची आख्यायिका. त्या दिवशी डॉक्टर, रुग्णवाहिका, पोलीस हजर असतात आणि संध्याकाळपर्यंत जखमींचा आकडा जाहीर होतो. उरलेले दिवस भिंतीआड जे दगड पडतात, त्यांचा आकडा कोणी विचारीत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. पूर्वी छिंदवाड्याला जावे लागे. आता कलेक्टर आपल्या गावात बसतात. वर्षातून एकदा त्यांनी अशा मृत्यूंची बैठक घ्यावी. तहसीलदार, ठाणेदार, वैद्यकीय अधिकारी, २००५ च्या कायद्याखालील संरक्षण अधिकारी, अंगणवाडी सेविका आणि मुलीच्या माहेरचे एक माणूस, एवढे पुरे. सीमेपलीकडचे कागद पत्र पाठवून मागवावेत. चौकशी गुप्त ठेवावी, नाहीतर घरची अब्रू म्हणून कोणी तोंड उघडणार नाही.

म्हातारीचे ते वाक्य, दवाखान्याची आणि चौकीची हकीकत मी चार पाने लिहून आणली आहे. ती या सभेच्या अध्यक्षांच्या स्वाधीन करतो. बैठक झालीच, तर पहिला जबाब माझा घ्यावा.