फ्लूचा ताप ओळखताना
(सोलापूर येथे स्त्रियांच्या सभेत केलेले भाषण)



शिमोन पेत्राची सासू तापाने पडली होती, तेव्हा घरच्यांनी लागलीच येशूला सांगितले. आपल्या वस्त्यांवर ताप कोणी सांगत नाही. पारधी वस्तीवर मी विचारते, "कोणी आजारी आहे का?" उत्तर येते, "नाही ताई." आणि पालात गोधडीखाली कोणीतरी कण्हत असते. ऊसतोडीच्या टोळीत तर आजारपण परवडतच नाही. कामावर गेले नाही की खाडा पडतो. म्हणून ओळखायचे काम आपल्यालाच करावे लागते.

सर्दी हळूहळू येते. आधी शिंका, मग नाक गळते, माणूस कामावर जातच असतो. फ्लू तसा येत नाही. सकाळी धडधाकट असलेला माणूस दुपारी थंडी वाजून अंथरूण धरतो. सणसणून ताप, डोके आणि अंग ठणकते, घसा दुखतो, कोरडा खोकला येतो. "कधीपासून?" असे विचारले तर रोगी बहुधा नेमकी वेळ सांगतो. मुलांना उलट्या-जुलाबही होतात. म्हाताऱ्यांना कधी कधी ताप फारसा नसतोच, नुसती गळाठा आल्यासारखी अवस्था असते. मात्र पावसाळ्यात डेंग्यू आणि मलेरियाही असतात. ताप आहे पण खोकला, घसा काहीच नाही, तर रक्त तपासायला न्यावेच.

2009 च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात गेला. नायडू रुग्णालयापुढच्या रांगा आपल्याला आठवत असतील. पुढे सरकारने रोग्यांचे तीन गट केले. सौम्य ताप-खोकला असेल तर घरी विश्रांती. गरोदर बाई, लहान मूल, वृद्ध, मधुमेही किंवा दमेकरी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लगेच ओसेल्टामिविर. धाप लागली तर थेट रुग्णालय. (सलाईन लावली की ताप पळतो, ही समजूत मात्र अजून पळालेली नाही!)

हे सगळे मला पाठ होते. तरीही दोन वर्षांपूर्वी सात महिन्यांच्या गरोदर मुलीला मी पॅरासिटामॉल दिली, "पाणी पीत राहा" म्हटले आणि निघून आले. ते औषध पहिल्या 48 तासांत सुरू झाले तर जास्त गुण येतो. ते तास मी घालवले. चौथ्या दिवशी तिच्या सासूचा फोन आला, "ताप उतरला होता ताई, पुन्हा चढलाय. बोलताना धाप लागतीय." रात्रीच तिला रुग्णालयात नेले. सहा दिवस ऑक्सिजनवर होती. देवाच्या कृपेने माय-लेकरू दोघे सुखरूप आहेत.

धाप, छातीत दुखणे, निळसर ओठ, गुंगी, दूध न ओढणारे बाळ, उतरून पुन्हा चढलेला ताप: यांपैकी एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. मूल शांत असताना त्याचे श्वास मिनिटभर मोजा. दोन महिने ते वर्षाच्या आतल्या बाळाचे 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त भरले, तर दवाखाना.

आता प्रत्येक वस्तीवरच्या एका बाईला आम्ही हे मोजायला शिकवतो आहोत. त्या मुलीची सासू पहिल्याच दिवशी आली. तिला दहाच्या पुढे मोजता येत नाही. मोबाइल वाजेपर्यंत ती दर दहा श्वासांना एक खडा टाकते. नातवाचे चार खडे झाले, की मला फोन.