कारागीर आणि गिऱ्हाईक

(नभोवाणीवरील भाषण)

आज मी ज्या विषयावर बोलणार आहें तो वरवर पाहतां व्यापाराचा आहे; पण त्याच्या मुळाशीं असलेला प्रश्न विश्वासाचा आहे. वस्तु करणारा एका ठिकाणीं आणि ती वापरणारा शेंकडों कोसांवर, अशी स्थिति आली म्हणजे त्या दोघांनीं एकमेकांना ओळखावें कसें, हा तो प्रश्न होय.

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यांत, समुद्राच्या कांठीं वसलेलें मुरुड हें माझें गांव. अशा गांवांत पूर्वीं हा प्रश्न उद्भवतच नसे. वाडींत काम करणाऱ्या माणसाला कोयती हवी असली, कीं तो लोहाराच्या भात्यापाशीं जाऊन बसे. मूठ केवढी हवी, पातें किती वांकवावयाचें, हें तो समोर बसून सांगे. धार चार दिवसांत बोथटली, तर पांचव्या दिवशीं तीच कोयती घेऊन तो पुन्हां दारांत उभा राही, आणि लोहाराला खालीं मान घालून सारें ऐकून घ्यावें लागे. त्या ऐकून घेण्यांतच लोहाराचें शिक्षण होत असे. तेथें जाहिरात नको होती, हमीपत्र नको होतें. दोघांच्या मध्यें अंतर होतें तें एका भट्टीएवढें.

कारखाने निघाले आणि हें अंतर वाढलें. आपल्याकडे या अडचणीशीं ज्यांची गांठ पडली, त्यांत लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचें नांव ठळक आहे. बेळगांवांत सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून त्यांनीं पुढें लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाचा नांगर घातला तर जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळें पहिले थोडेसे नांगर खपावयाससुद्धां फार काळ लागला. नांगरांत खोट नव्हती. नांगराची आणि शेतकऱ्याची ओळख नव्हती, एवढेंच. १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली, कारखाना वाढला, माल दूरदूरच्या गांवीं जाऊं लागला. आणि १९२० सालीं लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनीं कारखान्याचें एक गृहपत्र सुरू केलें. त्याचें नांव ‘किर्लोस्कर खबर’. १९२९ सालीं तेंच ‘किर्लोस्कर’ मासिक झालें. १९३० सालीं ‘स्त्री’ आणि १९३४ सालीं ‘मनोहर’ हीं त्याचीं भावंडें निघालीं. मराठी वाचकांच्या घरांत या मासिकांना जें स्थान मिळालें तें सर्वांना ठाऊक आहे, आणि वाङ्मयाच्या इतिहासांत त्यांची नोंद होते तीही त्याच कारणानें. मला मात्र त्या मासिकाच्या मोठेपणापेक्षां त्याचा जन्म अधिक विचार करण्यासारखा वाटतो. ज्यानें नांगर घडविला, त्यानेंच नांगर धरणाऱ्यापर्यंत आपली खबर पोंचवावी, ही ती मूळ कल्पना. तुटलेली भट्टीपुढची बैठक कागदावर पुन्हां मांडण्याचा तो यत्न होता.

या कल्पनेचें मोल मला पुस्तकांतून कळलें नाहीं. तें घरच्या आंब्यानें शिकविलें. आमची कातळावर हापूसची लहानशी बाग आहे. पेट्या भरून दलालाकडे पाठवावयाच्या आणि त्याची पट्टी आली म्हणजे आंकडे वहींत उतरून घ्यावयाचे, ही वडिलांच्या वेळची रीति. पट्टींत भाव असे, हमाली असे, अडत असे. आंबा कापल्यावर कसा निघाला, हें मात्र तींत कधींच नसे. पुढें आम्ही पुण्यामुंबईच्या कांहीं कुटुंबांना थेट पेट्या पाठवूं लागलों. २०२० सालीं टाळेबंदीमुळें बाजार अडखळले, तेव्हां कोंकणांतील पुष्कळ बागायतदारांनीं हाच मार्ग धरला. आम्ही त्याच्या आधींच त्या वाटेला लागलों होतों.

थेट विक्रीबरोबर थेट तक्रारही येते. एका वर्षीं मेच्या अखेरीस पुण्याच्या एका बाईंनीं लिहिलें, “आंबा दिसावयास उत्तम, वास उत्तम, पण पेटींतला निम्मा आंबा कापल्यावर टाकून द्यावा लागला. आपण जाणूनबुजून असा माल पाठवितां काय?” जाणकार श्रोत्यांनीं ओळखलेंच असेल: तो साका होता. हापूसच्या बाठ्याभोंवतालचा गर पांढुरका, पिंजल्यासारखा आणि आंबट होतो, त्याला आम्ही साका म्हणतों. साल निष्कलंक असते, फळ हाताला मऊ लागतें, नाकाला गोड लागतें. आंतलें सुरी घातल्यावांचून कळत नाहीं. तेव्हां त्या बाईंच्या प्रश्नाचें खरें उत्तर असें होतें, कीं आम्हांला ठाऊक नव्हतें, आणि ठाऊक करून घेण्याचा उपायही नव्हता.

पण एक गोष्ट आम्हांला ठाऊक होती. हंगामाच्या उत्तरार्धांत, जमीन तापल्यावर, साका वाढतो, हें कोंकणांतला प्रत्येक बागवाला जाणतो. तें आम्हीं गिऱ्हाइकाला सांगितलें नव्हतें. आतां सांगावें कीं सांगूं नये, यावर घरांत दोन दिवस वाद झाला. वडील म्हणाले, “अरे, आपल्या मालांतली खोड आपण होऊन कोणी सांगतो का? शेजारचा सांगत नाहीं, आणि तूं सांगितलेंस म्हणजे साका तुझ्याच बागेंत होतो असें लोक धरून चालतील.” वडिलांचें म्हणणें खोटें नव्हतें. वर्षाचा संसार दोन महिन्यांच्या फळावर चालतो; तेथें चार गिऱ्हाइकें तुटणें ही थट्टा नव्हे.

अखेर पुढच्या हंगामांत आम्हीं प्रत्येक पेटींत एक चिठ्ठी घातली. तींत लिहिलें होतें, कीं या दिवसांच्या आंब्यांत साका निघण्याचा संभव असतो. तो बाहेरून आम्हांला ओळखतां येत नाहीं. जितकीं फळें तशीं निघतील त्यांची संख्या आणि पेटीवरचा आंकडा कृपा करून कळवावा, आम्ही भरपाई करूं. वडिलांनीं सांगितलें तसें कांहीं अंशीं घडलेंच. कित्येकांनीं उत्तरार्धांतली मागणी रद्द केली, आणि त्या वर्षीं हातांत पैसा कमी आला. सत्य सांगितल्याबरोबर लक्ष्मी माळ घेऊन धांवत येते, असें मी आपणांस सांगणार नाहीं.

परंतु ज्यांनीं पेट्या घेतल्या त्यांचीं उत्तरें येऊं लागलीं. कोणी लिहिलें, चार डझनांत दोन. कोणी लिहिलें, एकही नाहीं. कोणी लिहिलें, दर तिसरें फळ. आम्हीं तीं पेटीच्या आंकड्यांप्रमाणें लावून पाहिलीं. तेव्हां ध्यानांत आलें, कीं साक्याच्या बहुतेक पेट्या बागेच्या एकाच अंगाच्या होत्या. तेथें माती थोडी, कातळ उघडा, आणि दुपारचें ऊन्ह थेट बुंध्याशीं पडे. इतकीं वर्षें त्या झाडांखालून आम्ही रोज जात होतों, आणि हें आम्हांला सांगितलें तें कोथरूडच्या आणि दादरच्या स्वयंपाकघरांनीं. मग त्या झाडांखालीं वाळलेल्या गवतपाचोळ्याचें आच्छादन घातलें, आणि फळ पुरें सोळा आणे तयार होण्याची वाट न पाहतां चौदा आण्यांवर असतांनाच झेल्यानें उतरवावयाचा नेम केला. कृषितज्ज्ञांचा सल्ला पूर्वींपासून असाच होता. पण तो कोणत्या झाडांना आधीं लागू करावा, हें गिऱ्हाइकांनीं दाखविलें. साका गेला नाहीं, कमी झाला. आणि ‘कमी झाला आहे, गेलेला नाहीं’ हेंच आम्हीं पुढच्या चिठ्ठींत लिहिलें.

येथें मला माझ्या विषयाचें मर्म सांपडलें. ज्या वस्तूचा दोष ती वापरतांनाच उघडा पडतो, त्या वस्तूच्या कर्त्याला गिऱ्हाइकाची जितकी गरज असते तितकी गिऱ्हाइकाला त्याची नसते. आंबा कापला जातो गिऱ्हाइकाच्या घरीं. तेव्हां ज्ञानही तेथेंच जन्मास येतें. तें परत आणावयाचें असेल, तर आधीं आपण आपलें तोंड उघडलें पाहिजे.

ही हकीकत मी माझ्या भाच्याला सांगितली. तो पुण्यास सॉफ्टवेअरच्या, म्हणजे संगणकाच्या आज्ञावल्या रचण्याच्या, धंद्यांत आहे. तो हंसून म्हणाला, “मामा, तुमच्या साक्यासारखेंच आमचें आहे. आमच्या मालांतला दोष आम्हांलाही बाहेरून दिसत नाहीं. गिऱ्हाईक कामाला लागलें म्हणजे तो दिसतो. म्हणून आमची मंडळी दर थोड्या दिवसांनीं गिऱ्हाइकांसाठीं लिहीत असते: काय बदललें, कां बदललें, काय बिघडलें होतें, आणि तुमची कोणती मागणी आम्ही पुरी करणार नाहीं. ज्यानें तें काम केलें, त्यानेंच तें लिहावयाचें, असा आमचा नियम आहे.”

त्यानें मला एक उदाहरणही सांगितलें, आणि तें जगजाहीर आहे. ‘गिटलॅब’ नांवाची एक कंपनी इतरांच्या आज्ञावल्या आणि त्यांवरचें काम जतन करून ठेवण्याची सोय पुरविते. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्रीं तिच्या एका तंत्रज्ञानें दुय्यम यंत्रावरची माहिती पुसावयाची ती चुकून मुख्य यंत्रावरची पुसली. चूक क्षणांत ध्यानांत आली. पण तोंवर जवळजवळ सगळी माहिती गेली होती. राखीव प्रती ठेवण्याच्या पांच पद्धति योजिलेल्या होत्या. त्यांतील एकही धड चालत नव्हती. सुदैवानें सुमारें सहा तासांपूर्वींची एक प्रत निराळ्या कामासाठीं काढलेली सांपडली, आणि तिच्यावरून बहुतेक सारें परत मिळालें. मधल्या तासांतलें मात्र कायमचें गेलें. अशा वेळीं दार लावून घेण्याची मनुष्याची प्रवृत्ति असते. या मंडळींनीं उलट केलें. दुरुस्तीच्या वेळची आपली टिपणवही त्यांनीं साऱ्या जगाला वाचतां येईल अशी उघडी ठेवली, चाललेलें काम लोकांना प्रत्यक्ष पाहूं दिलें, आणि १० फेब्रुवारी रोजीं सविस्तर निवेदन प्रसिद्ध केलें. त्यांत दोष एका तंत्रज्ञाच्या माथीं न मारतां आपल्या पद्धतींत काय कच्चें होतें तें सांगितलें. टीका झालीच, पण धीर देणारेही पुष्कळ निघाले. ज्या गोष्टीनें अब्रू जावयाची, तीच उघडपणें सांगितल्यानें पुष्कळशी राहिली.

श्रोतेहो, यावरून गिऱ्हाइकासाठीं लिहिणाऱ्यानें तीन गोष्टी पाळाव्या असें मला वाटतें. पहिली ही, कीं हात ज्याचा त्याचाच शब्द असावा. भाड्यानें आणलेल्या लेखणीला साक्याची लाज वाटत नाहीं, म्हणून तिला त्याविषयीं खरें लिहितांही येत नाहीं. दुसरी ही, कीं विचारण्यापूर्वीं सांगावें; विचारल्यावर सांगितलेलें सत्य कबुलीजबाबासारखें दिसतें. आणि तिसरी सर्वांत कठीण: आलेल्या उत्तरानें काम बदललें पाहिजे. नुसतें लिहीत राहणें आणि झाडाखालीं गवत न घालणें, ही गोड बोलण्याची एक नवी तऱ्हा होय. आणि तिला लोक फार दिवस फसत नाहींत.

आमच्या मुरुडाला हा धडा अगदींच नवा नाहीं. महर्षि धोंडो केशव कर्वे याच गांवांत वाढले. १८९३ सालीं त्यांनीं विधवेशीं विवाह केला म्हणून याच गांवानें त्यांना वाळींत टाकलें. पुढें १८९६ सालीं त्यांनीं अनाथ बालिकाश्रम काढला, आणि त्यासाठीं गांवोगांव फिरून वर्गणी गोळा केली. देणाऱ्यांतील बहुतेकांनीं तो आश्रम डोळ्यांनीं पाहिलेला नव्हता. त्यांच्या हातीं पडे तो संस्थेचा छापील अहवाल: काय आलें, काय खर्चलें, काय करावयाचें राहिलें. ज्याला स्वतःच्या गांवांत पंक्तीस बसूं देत नव्हते, त्याच्या हातांत अनोळखी माणसें विश्वासानें पैसा ठेवीत, याचें एक कारण त्यांच्या चारित्र्यांत होतें. दुसरें, मला वाटतें, या उघड्या हिशेबांत होतें.

३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळानें दापोलीच्या किनाऱ्यावरील माड, पोफळी आणि आंबे आडवे केले, आणि त्यांत आमचींही झाडें गेलीं. किती उभीं राहिलीं, किती पडलीं, पुढच्या वर्षीं किती पेट्या देतां येतील, हें आम्हीं गिऱ्हाइकांना जसेंच्या तसें कळविलें. त्या पुण्याच्या बाईंचें उत्तर आलें, “जेवढ्या होतील तेवढ्यांत आमची एक धरा. साका निघाला तर कळवीनच.” वडिलांनीं तें पत्र दोनदां वाचलें, आणि कांहीं न बोलतां ज्या वहींत ते पूर्वीं दलालाच्या पट्ट्या उतरून घेत, त्या वहींत घडी करून ठेवलें.